घरफाळ्याच्या बिलावरचं नाव

मावशींनी माझं पत्रक लॅमिनेट करून ठेवलं होतं.

साड्यांना फॉल-पिको करायचं त्यांचं मशीन आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या मावशी. मागच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मी तिथून चालले होते, तेवढ्यात हाक आली.

"ए पत्रकवाली, इकडं ये की जरा."

त्यांनी मशीनच्या खणातून एक जाड प्लॅस्टिकचा कागद काढला. एका बाजूला घरफाळ्याचं, म्हणजे पालिकेच्या घरपट्टीचं बिल, त्यावर त्यांचं नाव. उलटवलं तर मागच्या बाजूला माझं पत्रक. दोन्ही पाठीला पाठ लावून एकाच प्लॅस्टिकमध्ये बंद.

"आता ह्येच त्या बिल्डरच्या माणसास्नी दाखवायचं," मावशी म्हणाल्या. "सकाळी टेप घिऊन आलते. मागलं परसू मोजाय लागले. मी म्हटलं, ओ पावणं, टेप गुंडाळा की. मालकीण जिती हाय अजून."

"काय म्हणाले मग?"

"हसले. म्हटले, तुमच्या थोरल्या दिरांनीच बोलावलंय. म्हणून तर तुला हाक मारली. तू ये संगं. तू लिवलंयस, तूच वाचून दाखव भावजींना."

पत्रकातली तिसरी ओळ मी ठळक अक्षरांत छापून घेतली होती: 'घरफाळ्याच्या बिलावर जिचं नाव, घर तिचं!' मला ती ओळ फार आवडायची. ती खोटी होती. त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं, असं लिहिलं तर सोयीचं होईल. पण तेही पूर्ण खरं नाही.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माझे वडील हायस्कुलात शिक्षक आणि शाळा सुटली की एका लहानशा समितीचे कार्यकर्ते. पाणीपट्टी, रेशन, एसटीचं भाडं, जे काही अंगावर येईल त्याच्यावर पत्रक. उरलेल्या पत्रकांची माझ्या वह्यांना कव्हरं असायची. कोरी बाजू बाहेर, छापील बाजू आत. तास कंटाळवाणा असला की मी कव्हर उलगडून आतला संताप वाचत बसायची. बाबांचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते. एका पत्रकात एकच मुद्दा. वाक्य चहाच्या घोटाबरोबर संपलं पाहिजे. आणि खाली कुणा माणसाचं नाव नाही, नाव फक्त समितीचं. या शेवटच्या नियमाचा मला सगळ्यांत जास्त अभिमान होता. इतके लोक आपल्या नावाचे फलक चौकाचौकात लावतात, आपण लावत नाही, असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढायचं ठरवलं. विषय मीच निवडला: बायकांच्या नावावर घर. पेठेत दारोदार फिरले. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "घर कुणाच्या नावावर आहे?" आणि प्रत्येक दारातून उत्तर घरफाळ्याचं.

"सासऱ्यांच्या नावानं येतो की घरफाळा."

"आमचा अजून आजेसासऱ्याच्या नावानं येतोय बघ."

आमच्याकडे मालकी विचारायची ती अशीच. लग्न जमवताना मुलाकडच्यांना विचारतात, घरफाळा कुणाच्या नावानं येतो? भावाभावांत भांडण लागलं की पहिला ओरडा, घरफाळा मी भरतोय! आमच्या स्वतःच्या घरातसुद्धा घरफाळ्याच्या पावत्यांची फाईल माझ्या सर्टिफिकिटांबरोबर ट्रंकेत, कुलपात. प्रॉपर्टी कार्ड नावाचा कागद सिटी सर्व्हेच्या ऑफिसात असतो आणि मालक कोण ते तिथे बघायचं असतं, हे त्या फिरण्यात मला कुणी सांगितलं नाही. मीही शोधलं नाही. आयुष्यात एकही खरेदीखत मी वाचलेलं नव्हतं आणि मालकीवर पत्रक लिहीत होते.

सांगितलं एकीने. ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस कुणाला कळू दिली नाही.

शाहूपुरीतल्या डीटीपीच्या दुकानात मजकूर टाइप करणारी बाई तिसऱ्या ओळीपाशी थांबली. "ताई, घरफाळा म्हणजे मालकी नव्हे ना? आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वकील म्हणाले होते, घरफाळा कुणीही भरो, मालकी खरेदीखतावर आणि प्रॉपर्टी कार्डावर बघायची."

मी घड्याळ बघत होते. "एवढं लांबड लावलं तर वाचेल कोण? बायकांना एक सोपी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही टाइप करा."

"माझं काय, तुम्ही सांगाल तसं," असं म्हणून तिने ओळ पुरी केली. वर मीच सांगितलं, "ही ठळक करा."

मावशींना पत्रक दिलं तेव्हा त्यांनी मशीन बंद करून ते सगळं वाचलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वाचायला पक्क्या. मग विचारलं, "म्हंजे बिलावर नाव आलं की झालं?"

"झालं!" मी मशीनच्या फळीवर हात आपटून म्हणाले.

त्यांचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घर सासऱ्यांचं. पुढच्या दोन खोल्या यांच्या, मागचा भाग आणि वरचा मजला थोरल्या दिरांचा. दिरांशी भांडण नव्हतं, पण रोज कुठेतरी एखादा शब्द लागायचा. नळाचं पाणी, जिन्याची साफसफाई, गिऱ्हाइकांच्या चपला. पत्रक वाचून मावशी त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, माझ्या दोन खोल्यांचा घरफाळा माझ्या नावानं करून द्या."

दिरांनी पत्रक मागून घेतलं, वाचलं आणि एका शब्दात कबूल झाले. फक्त त्याआधी रजिस्ट्रार ऑफिसात एक सही लागेल म्हणाले. मावशी रिक्षाने त्यांच्याबरोबर गेल्या. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, मशीनवर अंगठा झाला. साक्षीदार म्हणून दिरांचे दोन दोस्त. तिथल्या माणसाने विचारलं, "स्वखुशीनं सही करताय ना?"

"व्हय की," मावशी म्हणाल्या. "लई खुशीनं."

हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं, बिल आल्यावर पेढे घेऊन आल्या तेव्हा. मी दोन पेढे खाल्ले. त्यांचा बिलासकट फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'एक पत्रक, एक घर.' त्यावर आलेले अंगठे आणि मुठी मी नंतर कितीतरी वेळा उघडून बघितल्या.

तर त्या दुपारी, टेपवाली माणसं येऊन गेल्यावर, मी मावशींबरोबर मागच्या अंगणात गेले. दीर मोटारसायकल पुसत होते. मी सुरुवातच चढ्या आवाजात केली. एकट्या बाईला घराबाहेर काढता येणार नाही, गल्ली गप्प बसणार नाही, आमच्याकडे पुरावा आहे.

ते पुसायचे थांबले नाहीत. "पुरावा? बघू."

मावशींनी प्लॅस्टिक पुढे केलं. त्यांनी बिल बघितलं, मग उलटं करून पत्रक. "ह्ये म्या वाचलंय की. लई झ्याक लिवलंय. ह्येच्यामुळंच तर सगळं सोपं झालं." मग घरात जाऊन एक फाईल आणली. "ताई, तुमी शिकल्यासवरल्या. आता ह्ये पण वाचा. मोठ्यानं वाचा, तिला बी कळू दे."

वर हक्कसोडपत्र असं लिहिलेलं होतं. सासऱ्यांनंतर घर दोन भावांचं. धाकट्या भावानंतर त्याचा हिस्सा त्याच्या बायकोचा. आणि ती बायको आपला संपूर्ण अविभक्त हिस्सा, त्यावरचे सर्व हक्क, अधिकार आणि हितसंबंध थोरल्या दिरांच्या लाभात, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने कायमचे सोडून देत आहे. खाली मावशींचा फोटो. फोटोत त्या हसत होत्या.

मी मोठ्याने वाचलं नाही. मनातल्या मनात दोनदा वाचलं. अर्ध्या घराच्या मालकीण त्या आधीपासूनच होत्या. नवरा गेला त्या दिवसापासून होत्या. कुणाकडे काही मागायचीच गरज नव्हती. जे त्यांचं होतं ते त्यांनी सोडलं आणि बदल्यात एक बिल घेतलं. आणि ते बिल घ्यायला मी त्यांना पाठवलं होतं.

"काय लिवलंय गं?" मावशींनी विचारलं.

"कायद्याची भाषा आहे. वकिलांना दाखवू."

दीर हसले. "का ओ ताई? मघाशी बोलताना तर माइक लागत नव्हता तुमाला."

दुसऱ्या दिवशी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढली. मावशींचं नाव त्यावर होतं. वारस म्हणून लागलं होतं, आणि त्याच्या खालच्या नोंदीत हक्कसोडपत्राने कमी केलं होतं. ते आलेलंही मावशींना माहीत नव्हतं आणि गेलेलंही.

शाहूपुरीतल्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि मावशींना समजेल असं सांगितलं. "घरफाळा म्हणजे पालिका एवढंच विचारते, कर कोण भरणार? घर कुणाचं, हे ती विचारतच नाही. भाडेकरूसुद्धा घरफाळा भरू शकतो. मालकी बघायची तर एखाद्याकडे घर आलं कसं ते बघायचं. विकत घेतलं असेल तर खरेदीखत, बक्षीस मिळालं असेल तर बक्षीसपत्र, वारशाने आलं असेल तर वारसनोंद. मग प्रॉपर्टी कार्ड. आणि सही करायच्या आधी कागदाचं नाव वाचायचं. तुम्ही वाचलंत?"

"वाचाय दिलं न्हाई. खूण केली तिथं सही करा म्हटले."

"सही कशासाठी आहे असं वाटलं तुम्हाला?"

मावशींनी प्लॅस्टिक टेबलावर ठेवलं. "ह्येच्यासाठी. भावजी म्हटले, ह्या पत्रकात लिवलंय तसं करायचं तर ही सही लागती."

वकीलबाई सरळ बसल्या. दिरांनी हे पत्रक वाचलं होतं? त्यावर बोलणं झालं होतं? मावशींचा गैरसमज आहे हे त्यांना कळलं होतं? मावशी प्रत्येक प्रश्नाला व्हय म्हणत गेल्या. मग आशा आहे, वकीलबाई म्हणाल्या. फसवून सही घेतली म्हणून दस्त रद्द करण्याचा दावा लावता येईल. दावा चालू असल्याची नोटीस नोंदवली की बिल्डरही सहसा थांबतात. फक्त हा गैरसमज कुठून आला ते कोर्टात सांगणारं कुणीतरी हवं. त्यांनी पत्रक खालपर्यंत वाचलं. "हे लिहिलं कोणी?"

मी म्हणाले, "समितीचं आहे."

"समिती साक्षीला उभी राहत नाही. माणूस लागतो. कोण आहे?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

मावशी माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पत्रकाकडे, मग पदर सारखा केला. त्यांनी तिथेच बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "गल्लीत तुझी जीभ लई चालती की गं."

त्यानंतर तीन आठवडे मी मागच्या बोळातून ये-जा केली. घर ते बसस्टॉप पुढून दोन मिनिटांचं, मागून आठ. रोज आठ मिनिटं चालत होते आणि मनात स्वतःला समजावत होते. साक्षीला उभी राहिले तर समितीची सगळीच पत्रकं खोटी ठरतील. विरोधक हसतील. मुद्दा तर खराच होता, एक ओळ चुकली एवढंच. बाबांना सांगितलं, पण तेही डीटीपीवाल्या बाईचा भाग वगळून. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "शुद्धिपत्रक काढू. आजवर कधी काढलं नाही, पण काढू." मला हायसं वाटलं. शुद्धिपत्रकाखालीही समितीचंच नाव असणार होतं.

याच दिवसांत मी बिल्डरविरुद्ध नवीन पत्रक लिहायला घेतलं. कधी नव्हे इतकं झणझणीत. भूमाफिया, दलाल, एकट्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर, सगळं त्यात होतं. तो राग खरा होता. पण त्याच्या आड उभं राहायला किती बरं वाटत होतं, हेही मला कळत होतं. पत्रक छापायच्या आधी मावशींना दाखवलं पाहिजे म्हणून अखेर पुढच्या वाटेने गेले.

त्यांनी मशीन थांबवून दोन्ही बाजू वाचल्या. "बिल्डर चोर हाय, भावजी चोर हायत," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय. तू कुठं हायस ह्येच्यात?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला; त्यांनी ते सोडलं नाही.

"मी सही केली तवा माझा फोटू काढला, अंगठा घेतला. दोन साक्षीदार उभं केलं. माझी चूक पक्की केली सगळ्यांनी मिळून. तुझ्या कागदावर काय हाय? ना नाव, ना गाव. चुकलीस तर धरायचं कुणाला?"

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीला हात लावून. टाइप करणारी बाई काय म्हणाली, मी काय म्हणाले, ओळ ठळक करायला कुणी सांगितली. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल." मी परत पहिल्यापासून सांगितलं. साडी न्यायला आलेली एक बाई पायरीवर उभी राहून ऐकत होती. मी थांबले नाही.

"म्हंजे तुला सांगितलं होतं कुणीतरी."

"हो."

"आणि मी विचारलं तवा तू म्हटलीस, झालं."

"हो."

मावशींनी मशीन परत सुरू केलं. हातातल्या साडीचा काठ शेवटपर्यंत नेला, दोरा तोडला, घडी घातली, पायरीवरच्या बाईला दिली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता वकिलीणबाईंकडं. आधार कार्ड घिऊन ये. तिथं बिननावाचं चालत न्हाई."

प्रतिज्ञापत्र दोन पानांचं झालं. पत्रक मी लिहिलं. ती ओळ चुकीची आहे. मावशींनी मला विचारलं तेव्हा मी ती खरी असल्याचं सांगितलं. डीटीपीच्या दुकानातला भाग वकीलबाईंना नको होता. दाव्याला त्याची गरज नाही, उलट विरुद्ध बाजूचे वकील तुमच्यावर तुटून पडतील, असं त्या म्हणाल्या. मी तो राहू द्या म्हणाले. त्यांनी मावशींकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "खरं हाय तर असू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा कागद सही करण्याआधी सगळा वाचला. मग पूर्ण नाव, वय, पत्ता. फोटो चिकटवला. नोटरीने ठराविक आवाजात विचारलं, "स्वखुशीनं करताय ना?" मावशी मागे बाकावर बसल्या होत्या. 'हो' म्हणायला मला थोडा वेळ लागला.

दावा दाखल झाला, नोटीस नोंदवली. टेपवाली माणसं परत आलेली नाहीत. निकाल काय लागेल हे वकीलबाईही सांगत नाहीत; लई खुशीनं म्हणालेल्या बाईने आता फसवणूक झाली म्हणायचं, हे सिद्ध करणं सोपं नाही म्हणतात. माझी साक्ष अजून व्हायची आहे. ते प्लॅस्टिक आता कोर्टाच्या फाईलमध्ये आहे. शुद्धिपत्रक निघालं. बाबांनी लिहिलं, खाली मी माझं नाव घातलं. बाबांनी ते दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. मी ते दारोदार नेऊन दिलं. बऱ्याच जणींना मूळ पत्रक आठवतसुद्धा नव्हतं. एक म्हणाली, "अगं, आमी कुठं वाचतोय तुमची कागदं?" त्या दिवशी ते ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मी आता पुढच्या वाटेनेच जाते. मावशी मान वर करून बघतात. पूर्वी 'ए पत्रकवाली' म्हणायच्या. आता काम असलं तर नावाने हाक मारतात, पूर्ण नावाने, आडनावासकट.